भाजी खाऊनही

नागपूरला सदरमधल्या एका खासगी दवाखान्यात मी आहारतज्ज्ञ आहे. माझी खोली डायलिसिस विभागाच्या शेजारी आहे, आणि माझं बरंचसं काम लोकांना नाही म्हणण्याचं आहे. नवा पेशंट आला की त्याला घरच्यांसकट माझ्याकडे पाठवतात. मी सांगते की आता संत्रं बंद, नारळपाणी बंद, टमाटर बंद, पालक, चवळी, मुनग्याच्या म्हणजे शेवग्याच्या शेंगा बंद. भाजी खायचीच असली तर बारीक चिरून कोमट पाण्यात भिजत घालायची, मग उकळायची आणि ते पाणी फेकून द्यायचं. किडनी गेली की भाजीपाल्यातलं पोटॅशियम अंगातच साठत जातं आणि हृदयावर येतं. लोक ऐकून घेतात, पण त्यांच्या चेहऱ्यावर अविश्वास असतो. जन्मभर ज्या गोष्टी चांगल्या म्हणून ऐकल्या, त्या दवाखान्यात येऊन सोडायच्या, हे त्यांना पटत नाही.

काही वर्षांपूर्वी उमरेड रोडवरच्या एका गावातून एक नवरा-बायको आले. नवरा शहराबाहेर वाडीला ट्रान्सपोर्टच्या गोदामात हमाली करायचा. तिथेच चारचौघांत खोली घेऊन राहायचा आणि सणावाराला गावी जायचा. सकाळी तर्री-पोहे, दुपारी समोसे नाहीतर भजी, संध्याकाळी मिळेल ते. पाठ धरली की पानठेल्याशेजारच्या मेडिकलमधून अंगदुखीच्या गोळ्या घ्यायच्या आणि पुन्हा पोती उचलायची. बीपी कधी तपासलं नव्हतं. पाय सुजून चप्पल चढेना तेव्हा तो घरी गेला, आणि बायको त्याला घेऊन आमच्याकडे आली.

बायको पन्नाशीच्या आतबाहेरची. वयानं माझ्यापेक्षा फार मोठी नव्हती, पण खेड्यातून आलेल्या सगळ्याच बायकांना आम्ही दवाखान्यात मावशी म्हणतो, तशी मीही तिला मावशी म्हणाले आणि पुढे तेच राहिलं. माझी सगळी यादी तिनं शांतपणे ऐकली. मग खाली बघत विचारलं, "मॅडम, हे आमाले आंदी काहून नाही सांगतलं कोनं?"

मी म्हटलं, आधी सांगायचं वेगळं असतं मावशी. आधी हेच सगळं खायचं असतं.

बाहेर नवऱ्याच्या हाताला सुई लावत होते, त्याचं कण्हणं ऐकू आलं तशी ती उठून गेली.

त्याचं डायलिसिस सरकारी योजनेतून होत होतं, पण येण्याजाण्यानं दोघं थकून जायचे. बस चुकली की शहराच्या तोंडाशी दिघोरीपर्यंत कोणाच्या तरी गाडीवर आणि तिथून ऑटोनं. उन्हाळ्यात त्याला तहान आवरायची नाही. एकदा त्यानं घरी मनसोक्त पाणी प्यायलं आणि छातीत पाणी भरून आला तो परत गेलाच नाही.

मावशीला मी विसरले नव्हते, पण ती पुन्हा दिसेल असंही वाटलं नव्हतं. पावसाळा निम्मा सरल्यावर एके दुपारी ती माझ्या खोलीच्या दाराशी उभी होती. पेशंट कोणीच नव्हता सोबत. म्हणाली, गावात आणखी काही जणांचे पाय सुजून राहिले आहेत, बाया चक्कर येते म्हणतात, पोरींच्या अंगात रक्त नाही. तुम्ही आधी सांगायचं वेगळं असतं म्हणाल्या होत्या, ते येऊन सांगा. तिनं विनंती केली नाही. एखादी राहिलेली वस्तू मागायला यावं तशी ती आली होती.

मी पुढच्या रविवारी गेले. माझं घर नंदनवनात, तिथून उमरेड रोड मला सोयीचा होता, आणि मनात होतं की एकदा जाऊन येऊ. पण मग जातच राहिले.

गाव हिरवं होतं. चहूकडे सोयाबीन आणि कपाशीची पऱ्हाटी, मध्ये तुरीच्या ओळी. पण त्या हिरव्यात भाजी कुठेच नव्हती. मी घराघरात जाऊन काय शिजतं ते बघितलं. सकाळी चहा आणि टोस्ट, दुपारी राशनचा भात आणि आलू, रात्री तेच, सोबत मिरचीचा भुरका आणि पापड. मुलांच्या हातात दुकानातली कुरकुरीत खाऱ्या तुकड्यांची पाकिटं. भाजी आठवडी बाजारातून यायची आणि बाजारात ती नागपूरहून यायची, शिळी होऊन. पूर्वी बांधावर तरोटा, चिवळ, पाथरी अशा भाज्या आपोआप उगवायच्या आणि बाया निंदताना ओच्यात घेऊन यायच्या. आता निंदण होत नव्हतं, तणनाशक मारत होते. बांध पिवळे पडले होते.

मी सोबत बीपीचं मशीन नेलं होतं. समाजमंदिराच्या ओट्यावर बाया जमल्या. आम्हाला काहीच त्रास नाही असं ज्या सांगत होत्या, त्यांच्यातल्या कितीतरी जणींचं बीपी मला बघवत नव्हतं. मावशीचंही जास्तच होतं. सरकारी दवाखान्यातून गोळ्या चालू करा म्हटलं, तेव्हा ती म्हणाली, माझं राहू द्या, पहिले यांचं पाहा. गोळ्या मात्र तिनं आणल्या आणि नेमानं घेतल्या.

भाजी लावायची कल्पना माझी, पण ती उभी केली तिनं. तिच्या घरामागे थोडी जागा होती, तिथं आंघोळीचं आणि भांड्यांचं पाणी साचून डास व्हायचे. तिनं त्या पाण्याला नाली काढून दिली आणि कडेनं धोपा म्हणजे अळू, सांभार म्हणजे कोथिंबीर, पालक, मेथी लावली. कुंपणावर बरबटीचे, म्हणजे चवळीच्या शेंगांचे, वेल चढवले. कोपऱ्यात मुनग्याची फांदी रोवली. फवारणी नाही, फक्त राख आणि कडुनिंबाच्या पाल्याचं पाणी. हिवाळ्यात तिच्या परसात एवढी भाजी झाली की ती घरोघर वाटत फिरली. वाटताना बीसुद्धा द्यायची आणि वर धमकी द्यायची की आलू दिसला तर पुन्हा देणार नाही.

तिला बोलण्याची लाज नव्हती. लोकांच्या स्वयंपाकघरात शिरून मिठाचा डबा उचलून फळीवर ठेवायची. म्हणजे जेवताना वरून मीठ घ्यायचं तर उठावं लागेल, आणि उठायचा माणसाला कंटाळा येतोच. ही युक्ती माझी नव्हती. मी ती पुढे दवाखान्यात कितीतरी लोकांना सांगितली.

दोन हिवाळे चांगले गेले. बऱ्याच घरांमागे वाफे झाले. एका गरोदर पोरीचं रक्त फार कमी होतं. तिच्या सासूला मावशीनं रोज मुनग्याच्या पाल्याची भाजी करायला लावली, लोहाच्या गोळ्या समोर उभं राहून खायला लावल्या, आणि ती पोरगी घरच्या मोटारसायकलवरून तालुक्याला जाऊन नीट बाळंत झाली. ओट्यावर बीपी तपासताना आकडा उतरलेला दिसला की बाया एकमेकींना सांगायच्या. मला त्या आता मॅडम म्हणत नव्हत्या, ताई म्हणत होत्या. दवाखान्यात माझ्या खोलीत बसून नाही नाही म्हणण्याचा आठवडा मी त्या रविवारच्या भरवशावर काढत होते.

मावशीच्या घरी मुलगा, सून आणि नातू होते. सुनेला हे सगळं आवडत नव्हतं, आणि तिचंही खोटं नव्हतं. परसातला चिखल घरात यायचा, दिवसभर बायांची ये-जा, चहा तिनंच करायचा. मागे फरशी घालून घ्यावी, धुणी-भांडी सुखानं करावी, एवढंच तिला हवं होतं. सासू ऐकत नव्हती.

तिसऱ्या वर्षी आमच्या दवाखान्यानं गावात एक दिवसाचं शिबिर घ्यायला होकार दिला. आमच्या मशीनवर बीपी कळायचं, बोट टोचून साखर कळायची, पण किडनीचं रक्त तपासायची सोय आतापर्यंत नव्हती. मावशीनं सगळ्यांना रांगेत उभं केलं. स्वतः हात पुढे करेना. मीच तिला खुर्चीवर बसवलं. ती हसत म्हणाली, "मले काय होते ताई, मी तं रोज गाईसारखा पाला खातो."

रिपोर्ट माझ्याकडे सदरला आले. मी ते एकेक पाहत गेले. तिचा कागद हातात आला तेव्हा मला वाटलं की नावाची अदलाबदल झाली. क्रिएटिनिनचा आकडा असा होता, जो मी शेजारच्या विभागात रोज बघत होते. मी डॉक्टरांना दाखवला, त्यांनी तिला बोलावून पुन्हा रक्त घेतलं, सोनोग्राफी केली. दोन्ही किडन्या आकसून लहान झाल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, हे आजकालचं नाही, फार वर्षांपासून चाललंय.

त्यांनी तिला विचारलं तेव्हा कळलं. कापूस वेचून, निंदून कंबर धरायची, तेव्हा नवरा वाडीहून ज्या गोळ्या आणायचा त्याच तीही घ्यायची. वेचणीच्या दिवसांत रोज. अशी कितीतरी वर्षं, आणि त्या गोळ्या रोज घेतल्या की किडनी हळूहळू निकामी होते. त्यात बीपी, तेही कोणी न तपासलेलं. आम्ही पहिला वाफा लावला त्याच्या खूप आधीच तिचं आतून संपत आलं होतं. त्यानंतर तिनं दुखण्याची गोळी सोडली, मीठ कमी केलं, त्यामुळे ते थोडं लांबलं असेल, असं डॉक्टर म्हणाले. लांबलं असेल. याच्यापलीकडे कोणी काही सांगू शकत नव्हतं.

खाण्याचं सांगायला तिला माझ्याकडेच पाठवलं. त्याच खोलीत. मी काय सांगणार ते तिला माहीत होतं, नवऱ्याच्या वेळी तिनं सगळं ऐकलं होतं. तरी मी सांगितलं, कारण सांगणं माझं काम होतं आणि गप्प बसले असते तर मला रडू आलं असतं. पालक नाही. धोपा नाही. मुनगा नाही. टमाटर नाही. ती मान हलवत राहिली. मधेच तिनं विचारलं की सांभार चिमूटभर चालेल का. मी म्हटलं, चिमूटभर चालेल.

मग ती म्हणाली, "बायायले नोका सांगू ताई."

मला वाटलं, तिला लाज वाटत असेल. पण ते नव्हतं.

"भाजी खाऊनबी असं झालं म्हनतीन," ती म्हणाली. "सोडून देतीन सगळ्या."

पेशंटची गोष्ट बाहेर सांगायची नसते, त्यामुळे मला वचन देणं सोपं होतं. आम्ही ठरवलं की चाललं तेवढं औषधावर चालवायचं. ती गावी गेली आणि तसंच काम करत राहिली. घरोघर भाजी वाटायची, बी द्यायची, मिठाचे डबे वर ठेवायची. स्वतःच्या ताटात मात्र उकळून पिळलेला लगदा घ्यायची. ओट्यावर एकत्र जेवायची वेळ आली की म्हणायची, माझं झालं. मी तिथं बसून बायांना सांगायचे की पालेभाजी रोज खा, आणि ती माझ्या शेजारी बसून हो हो म्हणायची. तिच्याकडे बघणं मला जड जायचं.

पण खेड्यात किती दिवस लपणार. चेहरा काळवंडला, अंगाला खाज सुटली, जेवण बघून उलटी येऊ लागली. पुढच्या उन्हाळ्यात डायलिसिस सुरू करावं लागलं. हातावरची पट्टी लुगड्याच्या पदरानं झाकून ती बसनं यायची-जायची. गावातली एक बाई आपल्या भाच्याला भेटायला त्याच विभागात आली आणि तिनं मावशीला पलंगावर, नळ्या लावलेली, पाहिलं. संध्याकाळपर्यंत गावभर झालं.

मी पुढच्या रविवारी गेले तेव्हा ओट्यावर नेहमीपेक्षा जास्त बाया होत्या. कोणी भांडायला आलं नव्हतं. उलट सगळ्या मऊ बोलत होत्या, मला पाणी दिलं. मग ती गरोदर पोरगी ज्या घरची, त्या घरची सासू म्हणाली, "ताई, राग नोका मानू. पन भाजी तं तिनंच सगळ्यायपेक्षा जास्त खाल्ली."

मी समजावून सांगितलं. दुखण्याच्या गोळ्यांचं सांगितलं, बीपीचं सांगितलं, आजार आधीचा होता हे सांगितलं. त्या गरोदर पोरीचं रक्त वाढलं त्याची आठवण करून दिली. तुमचे बीपीचे आकडे उतरले त्याची आठवण करून दिली. त्या ऐकत होत्या. मी बोलत असतानाच मला दिसत होतं की हे कोणापर्यंत पोचत नाहीये. ज्या बाईची किडनी भाजीनं आणि मीठ कमी केल्यानं वाचली, ती बाई कोण ते मला दाखवता येत नव्हतं. तिला स्वतःलाही ते माहीत नसणार. आणि जिची गेली ती सगळ्यांच्या समोर होती.

आणखी एकीनं विचारलं की मावशीला आता दवाखान्यात तुम्हीच भाजी बंद केली, हे खरं का.

मी म्हटलं, खरं आहे.

मग का बंद केली तेही सांगितलं, पण पहिल्या दोन शब्दांनंतर कोणी ऐकत नव्हतं.

कोणीच वाफा उपटून टाकला नाही. फक्त पुढच्या पावसाळ्यात लावला नाही. परसातलं पाणी पुन्हा साचू लागलं. काहींनी म्हटलं, माकडं फार झाली, काही ठेवत नाहीत. तेही खरंच होतं. माकडं आधीही होती, तेव्हा बाया पाळीनं हाकलायच्या. ओट्यावर येणाऱ्या बाया कमी होत गेल्या, आणि बीपीच्या गोळ्या काही जणींनी सोडल्या, कारण काहीच खाऊन काही होत नाही तर गोळीनं काय होणार, असं त्यांच्यातलं बोलणं झालं होतं. हे मला गावातल्या आशा सेविकेनं सांगितलं.

मावशीला हे सगळं कळत होतं. डायलिसिसला आली की चार तास ती पलंगावर असायची, मी मधून जाऊन बसायचे. ती गावाबद्दल विचारायची नाही, मीच काहीतरी खोटं चांगलं सांगायचे. एकदा तिनं मला थांबवलं. म्हणाली, तिकडं मीच राहतो ताई, मले दिसते.

नंतर तिनं येणं कमी केलं. आठवड्यातून एकदा, मग तेही चुकवू लागली. मुलगा कामावर जायचा, सुनेला नातवाची शाळा. मी फोन करून रागवायचे. ती म्हणायची, उद्या येतो. डॉक्टरांनी मला सांगितलं की काही पेशंट ठरवूनच येणं सोडतात, आपण जबरदस्ती करू शकत नाही. दिवाळी झाल्यावर थंडी पडली तेव्हा ती घरीच गेली. मुलाचा फोन आला तोवर नेऊनही झालं होतं.

तेरवीनंतर मी गेले. सुनेनं खुर्ची दिली, चहा केला, सोबत टोस्ट दिला. मागच्या दारातून परस दिसत होतं. मुनगा तोडला होता, जमीन ठोकून सपाट केली होती आणि फरशीचे गठ्ठे भिंतीला टेकून ठेवले होते. सून माझी नजर पाहून थोडी ओशाळली. म्हणाली, पाय घसरते वो तिथं, लेकरू पडलं होतं मागं. मी म्हटलं, बरं केलं. तिचा चेहरा मला सुजल्यासारखा वाटला. दुखतं का काही, विचारलं. कंबर धरते, ती म्हणाली, वेचणी चालू आहे ना. काय घेते, विचारलं. तिनं फ्रिजवरून गोळ्यांची पट्टी काढून दाखवली. मेडिकलवाला देतो, लगेच उतरते.

मी ती पट्टी हातात घेऊन बसले. तिला सगळं सांगितलं, तिच्या सासू-सासऱ्यांचं नाव घेऊन सांगितलं. बीपी तपासलं, जास्त होतं. सरकारी दवाखान्यात जा, गोळी सुरू कर, ही बंद कर. ती हो म्हणाली. माझ्या बोलण्याचा तिला राग नव्हता. पट्टी तिनं माझ्या हातातून हळूच घेतली आणि पुन्हा फ्रिजवर ठेवली.

त्यानंतर मी तिला चार-सहा वेळा फोन केला. कापूस निघून जाऊ दे, मग जाते, असं ती म्हणते. आता गहू आणि चणा काढायला आला आहे. आता चणा निघून जाऊ दे, म्हणते. मी फोन ठेवते आणि पुढच्या पेशंटला आत बोलावते.